ॲटर्नी जनरलच्या सहीविना: मार्च २००४ मधील 'स्टेलर विंड' प्रकरण

११ मार्च २००४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी न्यायालयाच्या परवानगीविना फोन आणि ईमेलवर पाळत ठेवण्याच्या एका अतिगोपनीय आदेशाला मुदतवाढ दिली. ऑक्टोबर २००१ पासून हा आदेश साधारण दर ४५ दिवसांनी नव्याने निघत असे. मसुदा आणि कायदेशीरपणा तपासल्याचा शेरा मारून ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, त्यावर सही करत. या वेळी न्याय खात्याने सही नाकारली होती. मग ती ओळच बदलली गेली आणि तिथे व्हाइट हाउसचे वकील अल्बर्टो गोन्झालेस यांची सही आली.

हे प्रकरण सहसा आदल्या रात्रीच्या रुग्णालयातल्या प्रसंगासाठी सांगितले जाते. प्रसंग थरारक होता, पण त्याच्या चकाकीत मुख्य प्रश्न झाकला जातो. पाळतीसाठी स्पष्ट कायदा होता, त्यासाठीच नेमलेले न्यायालय होते, देखरेखीसाठी काँग्रेसच्या समित्या होत्या. तरीही अडीच वर्षे अध्यक्षांना थांबवू शकेल असे एकच ठिकाण शिल्लक राहिले, ते म्हणजे त्यांच्याच सरकारातल्या एका अधिकाऱ्याची सही. असे का झाले, याचे उत्तर मुख्यतः कामाच्या पद्धतीत सापडते: कागद कोण लिहितो, तो कोणाला दाखवला जातो, आणि सही नाकारली तर पुढे काय.

आधीचा कायदा

१९५२ मध्ये कोरियन युद्ध चालू असताना अध्यक्ष ट्रूमन यांनी संपाच्या तोंडावर पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते बेकायदा ठरवले. त्या निकालातले न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचे स्वतंत्र मत पुढे अध्यक्षीय अधिकाराचे मोजमाप ठरले. काँग्रेसने अधिकार दिला असेल तेव्हा अध्यक्षांची सत्ता सर्वाधिक, काँग्रेस गप्प असेल तेव्हा धूसर, आणि काँग्रेसने उलट कायदा केला असेल तेव्हा सर्वांत कमी.

फोन टॅपिंगचा प्रश्न १९७२ मध्ये थेट न्यायालयापुढे आला. मिशिगनमधील ॲन आर्बर येथे सीआयएच्या कार्यालयात झालेल्या बॉम्बस्फोटाच्या खटल्यात सरकारने वॉरंटविना टॅपिंग केले होते. देशांतर्गत सुरक्षेच्या नावाखाली असे करता येणार नाही, असे न्यायालयाने एकमताने सांगितले. परकीय सत्ता आणि त्यांचे हस्तक यांच्याबाबतचा प्रश्न मात्र त्याने मुद्दाम मोकळा सोडला. पुढचा सगळा वाद त्या मोकळ्या जागेवर उभा आहे.

नंतर सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने गुप्तचर संस्थांचा कारभार उघड केला. १९४५ पासून तीस वर्षे तीन तार कंपन्या परदेशी तारांच्या प्रती सरकारला देत होत्या, हेही त्यात बाहेर आले. त्यातून २५ ऑक्टोबर १९७८ रोजी परकीय गुप्तवार्ता पाळत कायदा, म्हणजे 'फिसा', आला. त्यातली चार कलमे या प्रकरणासाठी महत्त्वाची आहेत. पहिले, अशा पाळतीसाठी फिसा आणि गुन्हे तपासाचा टॅपिंग कायदा हेच 'एकमेव मार्ग' आहेत. दुसरे, अधिकाराच्या आडून बेकायदा पाळत ठेवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. तिसरे, घाईच्या वेळी ॲटर्नी जनरल आधी परवानगी देऊन २४ तासांत न्यायालयाकडे जाऊ शकतो. डिसेंबर २००१ मध्ये ही मुदत ७२ तास झाली. चौथे, युद्ध जाहीर झाल्यावर पहिले १५ दिवस न्यायालयाच्या आदेशाविना पाळत ठेवता येते. म्हणजे युद्धाचा विचार काँग्रेसने केला होता आणि त्याला किती सूट द्यायची तेही ठरवले होते.

योजना कशी चालत असे

११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर, ४ ऑक्टोबर २००१ रोजी बुश यांनी पहिला आदेश काढला. त्याचा मसुदा उपाध्यक्ष डिक चेनी यांचे वकील डेव्हिड ॲडिंग्टन यांनी लिहिला होता. मूळ कागद त्यांच्याच तिजोरीत असत. योजनेला पुढे 'स्टेलर विंड' हे सांकेतिक नाव मिळाले. काम राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडे, म्हणजे एनएसएकडे होते. त्या वेळी तिचे प्रमुख मायकेल हेडन होते.

गोळा होणारी माहिती चार प्रकारची होती: फोनवरचे बोलणे, ईमेलमधला मजकूर, फोनचा मेटाडेटा आणि इंटरनेटचा मेटाडेटा. पहिल्या दोन प्रकारांत विशिष्ट क्रमांक किंवा पत्ता निवडला जाई. संवादाचे एक टोक परदेशात असणे आणि अल कायदाशी संबंध असल्याचा वाजवी आधार असणे, या अटी होत्या. ही निवड न्यायाधीशाऐवजी एनएसएमधले अधिकारी करत. उरलेल्या दोन प्रकारांत मेटाडेटा ठोक पद्धतीने येई: कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ. त्यात संशयित क्रमांक टाकून त्याच्या संपर्कात कोण, त्या संपर्कांच्या संपर्कात कोण, अशी साखळी काढली जाई. निघालेले क्रमांक एफबीआयला जात. माहिती कुठून आली हे सांगितले जात नसे. त्यामुळे स्थानिक कार्यालयातला अधिकारी तो क्रमांक किती गांभीर्याने घ्यायचा हे ठरवू शकत नसे आणि बहुतेक माग कोरडे निघत.

मुदतवाढीची साखळी ठरलेली होती. आधी गुप्तचर विश्लेषक धोक्याचे टिपण तयार करत आणि त्याच्या शेवटी हल्ल्याची शक्यता कायम असल्याचा ठरावीक परिच्छेद जोडला जाई. या टिपणांना आतल्या लोकांमध्ये 'भीतीचे टिपण' म्हणत. त्यावर सीआयएच्या प्रमुखांची सही होई, मग कायदेशीर तपासणी, मग संरक्षणमंत्री आणि ॲटर्नी जनरल, शेवटी अध्यक्ष. कागदावर ही तपासणी कडक दिसते. प्रत्यक्षात दर ४५ दिवसांनी तेच टिपण, तोच अभिप्राय आणि तीच सही होत होती. न्याय खात्याचे प्रमुख जॉन ॲशक्रॉफ्ट यांना योजनेची माहिती ज्या दिवशी मिळाली, त्याच दिवशी त्यांनी पहिली सही केली.

एक वकील, एक अभिप्राय

न्याय खात्यातले विधी अभिप्राय कार्यालय, ओएलसी, कार्यकारी शाखेसाठी कायद्याचा अर्थ लावते. त्याचे मत सरकारभर बंधनकारक मानले जाते. योजनेचा अभिप्राय तिथल्या जॉन यू या एकाच वकिलाने २ नोव्हेंबर २००१ रोजी लिहिला, म्हणजे काम सुरू झाल्यावर जवळपास महिन्याने. जे बायबी नावाचे त्यांचे वरिष्ठ या कार्यालयाचे प्रमुख होते, पण त्यांना योजनेची माहितीच नव्हती. ॲशक्रॉफ्ट यांनी आपल्या उपप्रमुखाला आणि स्वतःच्या कार्यालयप्रमुखाला (चीफ ऑफ स्टाफ) विश्वासात घेण्याची परवानगी मागितली, तीही व्हाइट हाउसने दिली नाही. एनएसएच्या वकिलांनाही अभिप्राय वाचायला मिळाला नाही. ज्या कायद्याच्या आधारावर आपली माणसे काम करतात, तो आधार त्यांच्याच वकिलांपासून लपवला गेला.

त्या अभिप्रायातल्या उणिवा सरकारी खात्यांच्या अंतर्गत देखरेखीसाठी नेमलेल्या महानिरीक्षकांच्या २००९ च्या अहवालात नोंदल्या आहेत. पोलाद कारखान्यांच्या निकालाची चर्चाच त्यात नव्हती. युद्धकाळातल्या १५ दिवसांच्या कलमाला त्याने हात घातला नव्हता. त्याहून गंभीर म्हणजे एनएसए प्रत्यक्षात काय गोळा करते, याचे वर्णन काही बाबतींत चुकीचे होते. कायद्याच्या विद्यार्थ्यालाही पहिल्या तासाला सापडतील अशा या गोष्टी आहेत. दुसऱ्या वकिलाने कागद वाचला असता तर त्या सुटल्या नसत्या. दुसरा वाचक नसणे हाच या प्रकरणातला मूळ दोष आहे, असे आमचे मत आहे. हेतू चांगला होता की वाईट, याने त्यात फरक पडत नाही.

गुप्ततेचे दोन प्रकार इथे वेगळे धरले पाहिजेत. कोणाचा फोन ऐकला जातो हे गुप्त असणे समजू शकते. कोणत्या कायद्याखाली ऐकला जातो हेही गुप्त ठेवले, की चूक शोधणारा कोणी उरत नाही.

अध्यक्षांच्या बाजूनेही खरे मुद्दे होते आणि ते टाळून हा वाद समजत नाही. फिसा १९७८ च्या तंत्रज्ञानावर बेतलेला होता. अमेरिकेत तारेवरून जाणारा संवाद पकडायला आदेश लागे, हवेतून जाणाऱ्या बऱ्याच आंतरराष्ट्रीय संवादाला लागत नसे. २००१ पर्यंत ती वाहतूक समुद्राखालच्या फायबर केबलवर आली होती. परदेशातल्या दोन माणसांचा ईमेलही अमेरिकेतल्या सर्व्हरवरून जाऊ लागला होता. शिवाय तातडीच्या तरतुदीतही ॲटर्नी जनरलला आधी खात्री पटावी लागे, त्यामुळे ती वाटते तितकी झटपट नव्हती. फिसाच्या अपील न्यायालयानेही २००२ मध्ये, परकीय गुप्तवार्तेसाठी अध्यक्षांना अंगभूत अधिकार आहे असे आपण गृहीत धरतो, असे म्हटले होते.

पण याला उपाय कायदा बदलण्याचा होता, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये काँग्रेस दहशतवादविरोधी पेट्रियट कायद्याखाली फिसात बदल करतच होती. हा बदल मागितला गेला नाही. काँग्रेस मंजुरी देण्याची शक्यता कमी असल्याचे आपल्याला सांगण्यात आले होते, असे कारण गोन्झालेस यांनी डिसेंबर २००५ मध्ये दिले. जे काँग्रेसकडून मिळणार नाही असे वाटते, ते गुपचूप घ्यायचे, ही भूमिका जॅक्सन यांच्या तिसऱ्या, सर्वांत दुबळ्या पायरीवर जाऊन बसते.

४ ते १२ मार्च

२००३ मध्ये यू गेले. ऑक्टोबरमध्ये जॅक गोल्डस्मिथ ओएलसीचे प्रमुख झाले. त्यांचे सहकारी पॅट्रिक फिलबिन यांना जुन्या अभिप्रायात आधीच खोट दिसली होती. दोघांनी तो नव्याने तपासला. अल कायदाशी संबंधित संवादाचा मजकूर ऐकण्याला सप्टेंबर २००१ मध्ये काँग्रेसने दिलेल्या लष्करी बळाच्या परवानगीचा आधार देता येईल, असे त्यांचे मत पडले. इंटरनेट मेटाडेटाचे ठोक संकलन मात्र कशातही बसेना. डिसेंबर २००३ मध्ये जेम्स कोमी उप ॲटर्नी जनरल झाले आणि काही आठवड्यांनी त्यांना योजना सांगण्यात आली.

मुदत ११ मार्चला संपत होती. ४ मार्चला कोमी आणि ॲशक्रॉफ्ट यांची चर्चा झाली आणि आहे त्या रूपात सही करायची नाही यावर एकमत झाले. त्याच दिवशी ॲशक्रॉफ्ट पित्ताशयातील खड्यांमुळे झालेल्या तीव्र स्वादुपिंडदाहाने जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाले. त्यांचे अधिकार कोमींकडे आले. ९ तारखेला ॲशक्रॉफ्ट यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच दिवशी व्हाइट हाउसमध्ये चेनी यांनी कोमींना समजावले की योजना थांबली तर हजारो जीव धोक्यात येतील. कोमींनी नकार कायम ठेवला.

१० मार्चच्या दुपारी काँग्रेसच्या निवडक नेत्यांना बोलावून घेतले गेले. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गोन्झालेस आणि अध्यक्षांचे कार्यालयप्रमुख अँड्र्यू कार्ड लिफाफा घेऊन थेट रुग्णालयात निघाले. ॲशक्रॉफ्ट यांच्या पत्नीने भेटी बंद ठेवल्या होत्या. बातमी कळताच कोमी गाडी वळवून त्यांच्याआधी पोचले आणि जिना धावत चढले. गोल्डस्मिथ आणि फिलबिनही आले. आपल्याला खोलीबाहेर काढू दिले जाऊ नये, अशी सूचना कोमींच्या विनंतीवरून एफबीआयप्रमुख रॉबर्ट म्युलर यांनी तिथल्या एजंटांना दिली. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी अंथरुणावर असलेल्या ॲशक्रॉफ्ट यांनी मान उचलून आपले आक्षेप स्पष्ट सांगितले. आपण सध्या ॲटर्नी जनरल नाही, असे म्हणत त्यांनी कोमींकडे बोट दाखवले. दोघे सहीविना परतले.

ॲशक्रॉफ्ट यांचे मत हा इथे दुय्यम भाग आहे. समजा त्यांनी गुंगीत सही केली असती, तरी अधिकार कोमींकडे असताना ती सही निरर्थक ठरली असती. ही साधी प्रशासकीय गोष्ट व्हाइट हाउसच्या वकिलाला माहीत नसणे शक्य दिसत नाही. योग्य अधिकाऱ्याचा नकार चुकवून दुसरीकडून कागद पूर्ण करण्याचा तो प्रयत्न होता आणि आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत लाजिरवाणी पायरी तीच.

दुसऱ्या दिवशी आदेश निघालाच. त्यात तीन नव्या गोष्टी घातल्या होत्या. अध्यक्षांचा घटनात्मक अधिकार फिसासह आड येणाऱ्या कायद्यांना बाजूला सारतो, असे आता उघड लिहिले गेले. मेटाडेटा 'मिळवला' असे कधी मानायचे याची व्याख्या बदलली: ढिगाऱ्यात पडून असताना नव्हे, शोध घेऊन बाहेर काढल्यावर. आणि आधीच्या सगळ्या आदेशांना ॲटर्नी जनरलची संमती होती, अशी नोंद केली. यातली दुसरी गोष्ट पुढेही उपयोगाला आली. आधी सगळे गोळा करायचे आणि मर्यादा फक्त शोधावर घालायची, हा युक्तिवाद नंतरच्या अनेक पाळत योजनांमध्ये दिसतो.

त्याच सकाळी माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. अशा दिवशी नकारावर ठाम राहणे किती कठीण असेल याची कल्पना करता येते. कोमींनी राजीनामा लिहिला, म्युलर यांनीही लिहिला. १२ मार्चच्या सकाळच्या बैठकीनंतर बुश यांनी दोघांशी स्वतंत्रपणे बोलणे केले. म्युलर जाणार हे कळल्यावर त्यांनी योजना कायद्यात बसवा असे सांगितले. आपल्याच खात्याचा आक्षेप किती खोल आहे हे अध्यक्षांपर्यंत तोवर नीट पोचलेले नव्हते.

काय बदलले

१९ मार्चला बुश यांनी आदेश आखडता घेतला. इंटरनेट मेटाडेटाचे ठोक संकलन २६ मार्चपर्यंत बंद करायचे ठरले. ६ मे रोजी गोल्डस्मिथ यांनी १०८ पानांचा नवा अभिप्राय दिला. मग १४ जुलै २००४ रोजी फिसा न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीश कॉलीन कोलर-कोटेली यांनी फोन क्रमांक टिपण्याच्या जुन्या तरतुदीचा विस्तार करून त्याच प्रकारच्या संकलनाला मंजुरी दिली. चार महिन्यांच्या आत बंद पडलेले काम न्यायालयाच्या शिक्क्याने पुन्हा सुरू झाले. फोन मेटाडेटा मे २००६ मध्ये पेट्रियट कायद्याच्या कलम २१५ खाली आला, संभाषणाचा भाग जानेवारी २००७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाखाली. योजना मोडली गेली नाही, तिला एकेक करून कायद्याचे छप्पर मिळाले.

म्हणून या घटनेला खासगीपणाचा विजय म्हणणे चुकीचे ठरेल. कोमी आणि गोल्डस्मिथ पाळतीच्या विरोधात नव्हते. अध्यक्षांना कायदा बाजूला सारता येतो हे मान्य करायला त्यांचा विरोध होता. ही मर्यादित गोष्ट असली तरी लहान नाही.

भारतीय वाचकाला इथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. आपल्याकडे फोन टॅपिंगला न्यायाधीशाची परवानगी लागतच नाही. केंद्र किंवा राज्याच्या गृहसचिवाचा आदेश पुरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या फोन टॅपिंगविषयीच्या १९९६ च्या पीयूसीएल निकालानंतर आलेल्या नियमांत आदेशाची मुदत ६० दिवस, एकूण कमाल १८० दिवस, आणि पुनर्विलोकनासाठी सचिवांचीच समिती अशी रचना झाली. डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांतही मंजुरी सचिवाकडेच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी एका लाचखोरीच्या प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. सार्वजनिक सुरक्षितता किंवा आणीबाणी, यांपैकी कोणतीही अट पुरी होत नसल्याचे त्याने सांगितले. त्या आरोपीला आदेश पाहायला मिळाले, कारण खटला उभा राहिला होता. खटला नसेल तर माणसाला टॅपिंग झाल्याचे कळण्याचा मार्ग नाही.

नेमकी हीच अडचण अमेरिकेतही आली. १६ डिसेंबर २००५ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने वर्षभराहून अधिक काळ रोखून धरलेली बातमी छापली. दुसऱ्या दिवशी बुश यांनी योजनेचा संभाषण ऐकण्याचा भाग मान्य केला. ऑगस्ट २००६ मध्ये डेट्रॉइटच्या न्यायाधीश ॲना डिग्ज टेलर यांनी ती घटनाबाह्य ठरवली. पुढच्या जुलैत अपील न्यायालयाने २ विरुद्ध १ मतांनी निकाल पुसला: आपल्यावर पाळत होती हे वादी सिद्ध करू शकत नाहीत, म्हणून त्यांना दावा लावण्याचा अधिकारच नाही. ते सिद्ध करणारा कागद सरकारी गुपित होता. एका संस्थेच्या हाती असा कागद सरकारच्याच चुकीने पडला आणि २०१० मध्ये न्यायाधीश वॉन वॉकर यांनी पाळत बेकायदा ठरवली. २०१२ मध्ये अपिलात तेही उलटले, कारण सरकारवर असा नुकसानभरपाईचा दावा चालत नाही असे ठरले. दूरध्वनी कंपन्यांवरचे दावे २००८ च्या कायद्याने पूर्वलक्षी संरक्षण देऊन संपवले. फिसातल्या पाच वर्षे कैदेच्या कलमाखाली कोणावरही खटला झाला नाही.

उपयोग किती झाला? २००९ च्या अहवालात बहुतेक अधिकाऱ्यांना ठोस उदाहरणे देणे जड गेल्याची नोंद आहे. २०१५ मध्ये खुल्या झालेल्या भागानुसार, एफबीआयने २००१ ते २००४ मधल्या मागांची नमुना तपासणी केली तेव्हा १.२ टक्के माग महत्त्वाचे ठरले होते. एवढ्यावरून योजना निरुपयोगी होती असे म्हणता येणार नाही. गुप्तवार्तेत एखादा धागाही मोलाचा असतो. पण हजारो जीव याच एका योजनेवर टिकून आहेत, हा मार्च २००४ मधला दावा या आकड्यांपुढे उभा राहत नाही.

२००८ च्या त्याच कायद्यातले कलम ७०२ पुढे या पाळतीचा मुख्य आधार ठरले. परदेशातल्या परकीयांवर रोख ठेवायचा, न्यायालयाने वर्षातून एकदा पद्धती मंजूर करायची, व्यक्तिगणिक वॉरंट नाही, अशी त्याची रचना आहे. त्या साठ्यात अमेरिकनांचेही संवाद येतात आणि एफबीआय त्यांच्या नावाने शोध घेऊ शकते. त्या शोधासाठी आधी वॉरंट घ्यावे, अशी दुरुस्ती १२ एप्रिल २०२४ रोजी प्रतिनिधिगृहात मताला टाकली गेली. बाजूने २१२ मते पडली, विरोधातही २१२. बरोबरी झाल्याने दुरुस्ती पडली आणि आठवडाभरात कलमाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली.